डोंगर सगळ्यांचा, जागा आधी पोचलेल्याची

शाळेच्या स्वयंपाकघरात लोर्ना ब्रेके वाढायला उभी असली की पोरांची रांग आपोआप सरळ व्हायची. आठवीतला एखादा दांडगट मध्ये घुसला तर ती त्याला काही बोलायची नाही. नुसता डाव हवेत धरून ठेवायची. तो मुकाट्यानं मागे जाऊन उभा राहीपर्यंत डाव खाली यायचा नाही, मग मागच्या चाळीस पोरांचं जेवण गार झालं तरी चालेल. मी तिच्या शेजारी एकोणीस वर्षं काम केलं, म्हणून सांगते, ही बाई चिडकी नव्हती. तिला फक्त मागे हटता यायचं नाही.

आमचं गाव, सॉल्टर, मोंटानाच्या डोंगरांच्या पायथ्याशी आहे. लाकडं कापायची गिरणी, शाळा, दोन चर्च, आणि गावाच्या पाठीशी सरकारी जंगल, चालाल तितकं. ऑक्टोबर सरत आला की एल्कच्या शिकारीचा पाच आठवड्यांचा हंगाम सुरू होतो. एल्क म्हणजे सांबराचाच भाऊबंद, पण अंगानं घोड्याएवढा. एक मिळाला की नवराबायकोची वर्षाची मटणाची चिंता मिटते. आमच्याकडे शिकार ही हौस कमी आणि बाजारहाट जास्त.

लोर्नाच्या घरी हा बाजारहाट तिचा नवरा वेंडेल करायचा. तो गिरणीत कामाला होता. एका मार्चमध्ये गाडीवरचा ओंडका घसरला आणि त्याच्या कमरेचं हाड मोडलं. चार महिन्यांनी तो काठी घेऊन चालायला लागला, पण डोंगर संपला. त्या सप्टेंबरात लोर्नानं त्याची रायफल कपाटातून काढली आणि म्हणाली, "शिकव." ती तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती आणि तोवर तिनं उंदराच्या सापळ्यापलीकडे काही मारलेलं नव्हतं. वेंडेल गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत खुर्ची टाकून बसायचा आणि ती पुठ्ठ्यावर गोळ्या झाडायची. सहा आठवड्यांत तिचा नेम बसला. गावातल्या कॉफीच्या दुकानात यावर बरंच हसू झालं. "एल्कला सूप वाढणार काय," असं कुणीतरी म्हणालं. तिच्या कानावर आलं ते. तिनं मनावर घेतलं नाही.

नेम शिकवताना वेंडेल एक गोष्ट सांगायची विसरला, कारण त्याला ती लहानपणापासून येत होती आणि येतं ते सांगावं लागतं हे त्याच्या लक्षात आलं नाही. जंगलात दुसरा शिकारी भेटला तर कसं वागायचं, ही ती गोष्ट.

पहिल्याच शनिवारी लोर्ना कोल्ड फोर्कच्या ओढ्यापाशी गेली. तिथे रस्ता संपतो, एक फाटक आहे, चार गाड्या लावायची मोकळी जागा आहे. एक जुना हिरवा पिकअप आधीच उभा होता. तिला बरं वाटलं. कुणीतरी आलंय म्हणजे इथे जनावर असणार, असा तिचा हिशेब. ती डाव्या वाटेनं चढली. दव गोठून पानं पापडासारखी वाजत होती. वारा पाठीवर होता, म्हणजे तिचा वास पुढे जनावरांकडे जात होता, तेही तिला कळत नव्हतं. दोन तासांनी ती वरच्या खिंडीत पोचली, तेवढ्यात पलीकडच्या झाडीतून फांद्या मोडत एल्कचा अख्खा कळप खाली पळाला. वीसेक असावेत. आणि मग तिच्यापासून पन्नास पावलांवर, खडकाच्या आडून, शिकाऱ्यांना कायद्यानं घालावा लागतो त्या भडक नारिंगी रंगाची टोपी घातलेला एक म्हातारा उभा राहिला.

तो हॉलिस प्रुइट. वय चौऱ्याहत्तर. पहाटेपासून त्या खडकामागे थंडीत बसला होता. त्यानं लोर्नाकडे पाहिलं, रायफलमधल्या गोळ्या काढून खिशात टाकल्या, बूड टेकायची गादी काखेत मारली आणि तिच्या बाजूनं खाली उतरून गेला. लोर्ना मला नंतर म्हणाली, "त्यानं आईमाईवरून शिव्या दिल्या असत्या तर मला परवडलं असतं."

घरी येऊन तिनं वेंडेलला सगळं सांगितलं. त्यानं काठीच्या मुठीवर अंगठा फिरवला. मग म्हणाला, "तू त्याच्या वाढलेल्या ताटातून चालत गेलीस."

दुसऱ्या दिवशी लोर्नानं दालचिनीचे सहा रोल भाजले आणि ती हॉलिसच्या दारात जाऊन उभी राहिली. त्यानं दार अर्धंच उघडलं. रोल घेतले, आणि दार लावायला लागला. तिनं दारावर हात ठेवला.

"मिस्टर प्रुइट, काय चुकलं ते मला कळलंय. कसं वागायचं ते अजून कळलेलं नाही. तुम्ही सांगितल्याशिवाय मी जाणार नाही."

"का? परत यायचंय?"

"पुढच्या शनिवारी."

मग त्यानं दार उघडलं आणि दोन कपात कॉफी ओतली.

तो काय काय बोलला ते लोर्नानं मला इतक्यांदा सांगितलंय की मीच तिथे बसले होते असं वाटतं. फाटकाशी आधी गाड्या मोजायच्या. एक गाडी दिसली की वर एक माणूस आहे, आणि तो तुझ्या आधी उठलाय. त्याची वाट सोडून दुसरी धरायची, दुसरी नसेल तर दुसरं खोरं. चुकून कुणी दिसलाच तर लपायचं नाही. हात वर करायचा, आपण दिसलो याची खात्री करायची आणि त्याच्या पाठीमागून वळसा घालून निघून जायचं. तो ज्या दिशेला बघत बसलाय त्या दिशेला पाऊल टाकायचं नाही. माणूस कोण आहे हे दुर्बिणीतून बघायचं, रायफलवरच्या दुर्बिणीतून कधीच नाही, कारण ती रोखली की नळीपण रोखली जाते. जखमी जनावर ज्याच्या गोळीनं रक्ताळलं आणि जो त्या रक्तामागे चालतोय, त्याचं. तो माग सोडून परत फिरला तर मग हक्क संपला. एकटा माणूस मारलेलं जनावर ओढताना दिसला तर आपली शिकार बाजूला ठेवून हात लावायचा.

"आणि 'माझी जागा' असं म्हणायचं नाही," हॉलिस म्हणाला. "मी तीस वर्षं त्या खडकामागे बसतोय. तो खडक माझा नाही. डोंगर सगळ्यांचा आहे. काल मी आधी पोचलो होतो, एवढंच माझं."

पुढच्या शनिवारी ती दुसऱ्याच खोऱ्यात गेली. पहिली दोन वर्षं हात हलवत परत आली. तिसऱ्या वर्षी तिला एक मादी मिळाली. कॉफीच्या दुकानातलं हसू त्यानंतर बंद झालं. पुढे हॉलिसच्या गुडघ्यांनी दगा दिला. तेव्हा तो तिला एवढंच म्हणाला, की आता त्या खिंडीत सकाळी कुणी नसतं. लोर्ना तिथे बसायला लागली. पण त्या खडकाला ती कायम "वरचा खडक" म्हणायची.

तिनं स्वतःची एक भर घातली. फाटकाशी गाडी लावली की ती काचेच्या आत एक चिठ्ठी ठेवायची, बाहेरून वाचता येईल अशी: "एकटी आहे. डाव्या वाटेनं खिंडीत. अंधार पडेपर्यंत. उजवी वाट मोकळी." मागून येणाऱ्याला अंदाज बांधत बसायला नको. हळूहळू गावातले आणखी चारपाच जण तसं करायला लागले. कुणी "मागच्या ओढ्यात आहे, रॉय" एवढंच लिहायचा, पण लिहायचा.

असं अकरा वर्षं चाललं.

बाराव्या वर्षी हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात एक नवा मोठा पिकअप आला. त्यात तिघं होते, ग्रेडी कोल आणि त्याचे दोन मेहुणे, कुठल्यातरी लांबच्या शहरातले. थँक्सगिव्हिंगची, म्हणजे नोव्हेंबरातल्या आमच्या मोठ्या सणाची, सुट्टी लागली होती. शाळा बंद, म्हणून लोर्नापण रोज डोंगरावर होती. त्या वर्षी तिला अजून काही मिळालेलं नव्हतं आणि फ्रीझरमध्ये खिम्याची चार पुडकी उरली होती. गुरुवारी सकाळी उजाडायच्या आधी ती खडकाशी जाऊन बसली. उजाडलं, आणि तिच्यासमोर, दीडशे पावलं खाली, बरोबर एल्क चढून येतात त्या उतारावर, तिला तीन नारिंगी बंड्या दिसल्या.

तिनं उभं राहून टोपी हलवली. त्यांनी पाहिलं आणि बसून राहिले. तेव्हा ती रायफल रिकामी करून, मागच्या बाजूनं वळसा घेत त्यांच्यापर्यंत गेली आणि हळू आवाजात म्हणाली की ती साडेपाचपासून वर बसली आहे.

"माहीत आहे," ग्रेडी म्हणाला. "तुमची चिठ्ठी वाचूनच आलो. एवढी अनुभवी बाई इथे बसते म्हणजे जागा चांगलीच असणार."

मेहुणे हसले.

"उजवी वाट मोकळी आहे, तेपण लिहिलं होतं," लोर्ना म्हणाली.

"सरकारी जंगल आहे हो बाई. तुमच्या नावाची पाटी कुठे दिसली नाही."

"पाटी नाहीच. जंगल तुमचंही आहे. पण तुम्ही इथे बसलात तर माझी नळी तुमच्याकडे होते. म्हणून आज मी उठते. उद्या मी आधी आले तर तुम्ही उठा."

"उद्याचं उद्या बघू," असं म्हणून ग्रेडीनं तिच्याकडे पाठ फिरवली.

संध्याकाळी मी तिच्या घरी सणाचं भोपळ्याचं पक्वान्न घेऊन गेले होते. वेंडेलचं म्हणणं पडलं की चिठ्ठीत खोटं लिही. लिही की उजवीकडे जातेय, आणि जा डावीकडे. मी म्हटलं, खोटं नको, पण चिठ्ठीच ठेवू नकोस. आम्हा दोघांना तिनं बोलू दिलं. मग म्हणाली, "चिठ्ठी ठेवणार, आणि खरी ठेवणार. त्यांच्यापायी मी माझी रीत का मोडू? मोडायचीच असेल तर त्यांनी त्यांची मोडावी."

शुक्रवारी ती पुन्हा पहिली पोचली आणि तीच चिठ्ठी ठेवली. ते तिघं पुन्हा आले आणि पुन्हा खालीच बसले. या वेळी लोर्ना उठली नाही. तिनं रायफलमधून गोळ्या काढल्या, नळीमागचा बोल्ट उघडा ठेवून ती मांडीवर आडवी घेतली आणि खडकाच्या आड नाही, खडकाच्या वर जाऊन बसली. त्यांना दिसेल अशी. शून्याखाली बारा होतं. तिनं दुपारी खिशातलं सुकं मटण चघळलं, थर्मासमधली कॉफी संपवली, आणि बसून राहिली. ना हाक, ना खूण. डोंगरमाथ्यावर अशी उघड्यावर बाई बसलेली असताना कुठलाही एल्क त्या उतारावर येणार नव्हता. तिला मिळणार नव्हता, तसा त्यांनाही. दोनच्या सुमाराला ते पाय आपटत उठले आणि खाली गेले. जाताना एक मेहुणा तिच्याकडे बघून बर्फात थुंकला. ती अंधार पडेपर्यंत बसली. चिठ्ठीत तसंच लिहिलं होतं.

"नऊ तास?" मी विचारलं.

"साडेदहा," ती म्हणाली. तिच्या पायाची दोन बोटं पुढे आठवडाभर बधिर होती.

शनिवारी त्यांचा पिकअप फाटकाशी आला, पण ते उजव्या वाटेनं गेले. खिंड मोकळी होती. तिला काही दिसलं मात्र नाही.

रविवार हंगामाचा शेवटचा दिवस. रात्री पाचसहा इंच बर्फ पडून आकाश स्वच्छ झालं होतं. सकाळी नऊच्या पुढे लोर्नाला उजव्या खोऱ्याकडून दोन बार ऐकू आले, लागोपाठ. मग शांत. तासाभरानं खालच्या लार्चच्या झाडांतून एक नर बाहेर आला. सहा सहा टोकांची शिंगं. तो मागचा डावा पाय टेकत नव्हता. तिनं रायफल खांद्याला लावली. एकशेवीस पावलं, आडवा, वारा तिच्या तोंडावर. बारा वर्षांत असा नेम तिला मिळाला नव्हता. दुर्बिणीच्या काचेत त्याच्या मांडीवरून ओघळलेलं रक्त स्पष्ट दिसत होतं.

तिनं बोट खटक्यापासून काढलं. मागे कुणी येत असेल तर त्याचा. कुणी येत नसेल तर मारायलाच हवा, कारण रक्ताळलेलं जनावर सोडून देणं हे दोन्हीहून वाईट. तिनं रायफल खाली ठेवून गळ्यातली साधी दुर्बीण डोळ्याला लावली आणि नराच्या पावलांवरून मागे मागे बघत गेली. झाडांच्या पार कडेला नारिंगी ठिपका होता. वाकलेला, एकेक पाऊल बघत चालणारा. जवळ आल्यावर तिनं ओळखलं. ग्रेडी कोल. एकटाच.

मी तिला एकदा विचारलं होतं की त्या क्षणी काय वाटलं. ती म्हणाली, "राग आला. दुसरा कुणी का नव्हता म्हणून."

नर उताराच्या मध्यावर आल्डरच्या दाट झुडपात शिरला आणि बाहेर निघाला नाही. बसला असणार. लोर्नानं एक वाकडं पाइनचं झाड खुणेला धरलं आणि तिथून नजर हलवली नाही. ग्रेडी मात्र दोनशे पावलं मागे अडकला. तिथे वाऱ्यानं बर्फ उडवून नुसता दगड उघडा पडला होता. ना पाऊल, ना थेंब. तो इकडे गेला, तिकडे गेला, मग कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

लोर्ना उभी राहिली. तिनं शीळ घातली, टोपी वर केली, आणि हातानं झुडपाकडे दाखवलं. ग्रेडीनं वर पाहिलं. दोन दिवसांपूर्वीची बाई डोंगरावर उभी राहून हात हलवतेय. त्याला वाटलं, इथून चालता हो म्हणतेय. त्यानं हात झटकून काहीतरी शिवी हासडली, रायफल खांद्यावर टाकली आणि आल्या वाटेनं परत फिरला.

हॉलिसच्या नियमानं खरं तर तिथेच त्याचा हक्क संपला. लोर्नाला ते माहीत होतं. पण तो गैरसमजानं वळला होता, आणि तिला ते चालेना. ती खिंडीतून खाली निघाली, झुडपाला लांबचा वळसा घालून, गुडघाभर बर्फातून, अर्धवट घसरत. दहाएक मिनिटांनी तिनं त्याला मागून गाठलं.

"कोल! थांब!"

तो वळला. "गेलो ना तुमच्या डोंगरावरून! आणखी काय पाहिजे?"

तिला धाप लागली होती. ती गुडघ्यांवर हात टेकून दम खात म्हणाली, "तुझा नर त्या झुडपात बसलाय. वाकड्या पाइनच्या डाव्या बाजूला. जिवंत आहे."

ग्रेडी तिच्याकडे, मग झुडपाकडे, मग तिच्या रायफलकडे बघायला लागला. "तुम्हाला दिसला होता?"

"एकशेवीस पावलांवर."

"मग मारला का नाही?"

"तू मागावर होतास."

"आणि मी परत निघालो होतो, ते?"

"तेच विचारायला आले एवढ्या लांब. माग सोडलास की नाही, ते सांग. सोडला असशील तर मी जाऊन मारते. तो तसाच राहता कामा नये."

त्यानं झुडपाकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग खांद्यावरची रायफल हातात घेतली. "नाही सोडला," तो म्हणाला.

ती त्याच्या मागे दहा पावलं, एका बाजूला, आपली रायफल रिकामी करून चालली. वाकड्या पाइनपाशी तिनं त्याला हातानं थांबवलं आणि वारा कुठून आहे ते दाखवलं. नर उठायचा प्रयत्न करत होता. एका बारात संपला.

मेहुणे दोघं दुसऱ्या ओढ्यात होते, ते यायला दोन तास लागले. तोवर लोर्ना आणि ग्रेडीनं मिळून जनावर सोललं, पायांसकट चार फऱ्या, म्हणजे चार मोठे भाग, वेगळे केले. त्याची सुरी बोथट होती, तिनं आपली दिली. नंतर चौघांनी सगळं पाठीवर मारून फाटकापर्यंत आणलं, दोन खेपांत. पाठीवर मागची फरी घेऊन उतरताना ती त्या थुंकणाऱ्या मेहुण्याच्या पुढे होती, असं तिनं मला मुद्दाम सांगितलं.

गाडीपाशी ग्रेडी म्हणाला, अर्धा घेऊन जा. ती नको म्हणाली. ओझं वाहून आणणाऱ्याला आमच्याकडे पुढची एक फरी मिळते, तेवढी तिनं घेतली, आणि काळीज, कारण वेंडेलला आवडतं. कायद्यानं लागतं म्हणून त्यानं एका कागदावर लिहून दिलं, अमुक इतकं मांस अमुकला दिलं, सही. लिहून झाल्यावरही तो कागद हातात धरून उभा होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं बहुतेक. शेवटी म्हणाला, "शुक्रवारी थंडी फार होती."

"होती," लोर्ना म्हणाली आणि गाडीत बसली.

तिचा स्वतःचा परवाना त्या वर्षी कोराच राहिला. हिवाळाभर त्यांनी दुकानातलं मटण आणलं आणि वेंडेल प्रत्येक घासाला त्याला नावं ठेवत होता. तो तिच्यावर रागावला होता हेही खरं. महिनाभर तरी. त्याचं म्हणणं, माणूस वळला म्हणजे वळला, त्याच्या मनात काय होतं ते बघायला आपण काय पाद्री आहोत? तिनं वाद घातला नाही आणि मतही बदललं नाही. ग्रेडी पुढची चार वर्षं येत राहिला. कधी डाव्या वाटेला गेला नाही. मेहुण्यांपैकी एकच यायचा. मैत्री वगैरे काही झाली नाही. फाटकाशी भेटले तर मान हलवायचे.

आता लोर्ना सदुसष्ट वर्षांची आहे. वेंडेलला जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या फेब्रुवारीत तिचा उजवा गुडघा बदलला. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर चाला, डोंगराचं विसरा. तिनं विचारलं, किती चढता आलं म्हणजे तुम्ही हो म्हणाल? ते हसले. ती उत्तराची वाट बघत बसून राहिली, म्हणून त्यांनी काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं, न थांबता हजार पायऱ्या, पाठीवर वजन घेऊन.

तेव्हापासून शाळेच्या फुटबॉलच्या मैदानावर, पोरं यायच्या आधी, ती प्रेक्षकांच्या बाकांच्या पायऱ्या चढते-उतरते. पाठीवरच्या पिशवीत स्वयंपाकघरातले पंचवीस पौंड बटाटे. निवृत्त झाली तरी कोठाराची किल्ली तिच्याकडेच आहे, आणि ती मागायची हिंमत कुणी केलेली नाही. मी खाली खुर्चीत बसून मोजते. काल आठशे चाळीसला तिचा पाय थरथरायला लागला. मी म्हटलं, पुरे आज. तिनं कठड्याला धरून दम घेतला आणि म्हणाली, मध्ये थांबलं म्हणजे मोजणी गेली, पुन्हा एकपासून धर. आणि खाली उतरून तिनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला.